बाभळीवर टांगलेला मुलूख

पंचवटीत वडांचा मान मोठा. सीतागुंफेजवळच्या झाडांना आकडे दिलेले आहेत आणि आलेले भाविक एक ते पाच मोजूनच पुढे सरकतात. भाद्रपदात ज्या पक्ष्यासाठी मी नाशिकला आलो होतो, त्याचं मात्र वडाशी जमत नाही. वडाच्या जाड, आडव्या फांद्यांवर साप आणि उंदीर सहज फिरतात, कावळे निवांत बसतात. सुगरणीला हवी असते काटेरी, बाहेर झुकलेली आणि टोकाला बारीक होत गेलेली फांदी. खाली विहिरीचं नाहीतर ओढ्याचं पाणी असावं आणि हाकेच्या अंतरावर लांब पात्यांचं हिरवं गवत. हे सगळं एका जागी जुळून आलं की पावसाळ्यात तिथे वस्ती होते.

पक्ष्यांच्या पुस्तकातल्या नकाशात सुगरणीचा रंग पाकिस्तानपासून श्रीलंकेपर्यंत आणि पूर्वेला म्यानमार, थायलंड, मलाया, सुमात्रा, जावापर्यंत पसरलेला असतो. नाशिक त्या रंगाच्या पार आत. त्यामुळे पंचवटीत सुगरण आहे का, हा प्रश्न पुस्तकाला पडतच नाही. जमिनीवर उतरलं की तो पडतो, आणि त्याचं उत्तर झाडागणिक बदलतं.

रामकुंडावरून नदीच्या कडेने आम्ही खाली चालत निघालो. सोबत नाशिकचा एक पक्षिमित्र होता. गोदावरी इथे दक्षिणेला वळते. गणपतीचे दिवस असल्याने घाटावर गर्दी होती, मांडवांतून ढोल ऐकू येत होते. पारवे होते, चिमण्या होत्या, वर घारी घिरट्या घालत होत्या. सुगरण दिसली नाही, आणि ती का नाही ते समोरच दिसत होतं. दोन्ही काठ पायऱ्यांनी आणि काँक्रीटने बांधून काढलेले. पाण्यावर ओणवलेलं झाड नाही, लव्हाळ्याचं बेट नाही. माणसाला नदीपर्यंत पोचणं सोपं व्हावं म्हणून केलेल्या कामात पक्ष्याला लागणारी कड नाहीशी झाली आहे.

तपोवनात, कपिलेच्या संगमाकडे, झाडी वाढते. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी ही झाडं तोडायची की राखायची, यावरून २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. त्या वादात सुगरणीचं नाव कोणी घेतलं नसेल, पण झाड म्हणजे नुसती सावली नव्हे हे त्या लोकांना ठाऊक होतं, याचा मला आनंद वाटतो.

तपोवन मागे टाकून मळ्यांकडे वळलो तेव्हा आधी आवाज आला. बारीक चिट्-चिट् आणि तिच्या शेवटाला ताणलेली शीळ. एकाने सुरू केली की सगळ्यांनी उचललेली. पुढे एका विहिरीवर बाभूळ झुकलेली होती आणि तिच्या पाण्याकडच्या बाजूला खोपेच खोपे. काहींची नुसती कडी झालेली, काही अर्धे, काहींना खाली लांब नळी आलेली, तर गेल्या वर्षीचे दोन-तीन वाळून तपकिरी पडलेले. पिवळ्या डोक्याचे, गालांवर गडद तपकिरी मुखवटा असलेले नर अर्ध्या खोप्यांना उलटे लटकून पंख फडफडवत होते. एखादी करडी मादी आली की सगळ्या झाडावर एकदम कालवा उठायचा.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीचा खोपा मराठी घराघरांत पोचवला, त्यामुळे बाभळीखाली उभा राहिलेला मराठी माणूस कौतुक करतो ते मादीचं. प्रत्यक्षात विणकाम जवळजवळ सगळं नराचं. तो गवताच्या किंवा उसाच्या पात्याला कडेला चोचीने खाच पाडतो, टोक चोचीत धरतो आणि उडतो. पात्याची पट्टी सरळ फाटत निघते. अशी एक पट्टी वीस ते साठ सेंटिमीटर लांब असते. पूर्ण खोप्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि सुमारे अठरा दिवस लागतात. त्यातले पहिले आठेक दिवस शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत पोचण्यात जातात. तिथे नर थांबतो आणि माद्यांना बोलावू लागतो. मादीने आत शिरून, ओढून-ताणून खोपा पसंत केला, तरच तो नळी विणून काम पुरं करतो. आतल्या बाजूची शेवटची डागडुजी मादी करते.

नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. आमच्या बाभळीवर ते बरेच होते. पक्षिमित्र म्हणाला की लोक त्यांना ‘नराचे झोपाळे’ समजतात. त्या खोप्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. आठ दिवसांची मेहनत एका मादीच्या दोन मिनिटांच्या पाहणीवर ठरते, हे वाचलेलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं.

हे सगळं पहिल्यांदा नीट उलगडलं तेही महाराष्ट्रातच. १९३० साली सालिम अलींची नोकरी गेली होती आणि ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वस्ती होती. पावसाळ्याचे महिने त्यांनी तिच्यासमोर बसून काढले आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपली निरीक्षणं छापली. एक मादी अंड्यांवर बसली की नर पुढचा खोपा सुरू करतो, दुसरीला बोलावतो, मग तिसरीला, हा क्रम त्यांनी नोंदवला. अंडी उबवणं मादीकडे. दोन ते चार पांढरी अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला दोन आठवड्यांहून थोडा जास्त काळ. पुढे सालिम अलींचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी भारतातल्या सुगरणींवरच संशोधन केलं आणि त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने काढला. हातात दुर्बीण, खाली वही आणि समोर एकच झाड, एवढ्या सामग्रीवर उभं राहिलेलं हे काम मला आजही थोर वाटतं.

मादी नेमकं काय तपासते? सुहेल क्वाडर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की तिच्या निवडीत विणकामापेक्षा जागेचं वजन जास्त असतं. कारागिरी कितीही सुबक असली तरी फांदी चुकली असेल तर मादी निघून जाते. पंचवटीच्या घाटावर सुगरण का नाही, याचा उलगडा मला तरी याच निष्कर्षात सापडला. गवत पंचवटीच्या आसपास आजही मिळतं. फांदी मिळत नाही.

विहिरीवरच्या नरांची छाती पिवळी होती, आणि त्या पिवळ्या छातीमुळेच ते कोणत्या उपजातीचे ते सांगता येतं. सुगरणीच्या पाच उपजाती मानतात. आपल्याकडची, भारताच्या बहुतेक भागात असलेली, ती मूळ उपजात. नैर्ऋत्येला केरळाकडे गेलं की पाठीचा रंग गडद होतो; तिथल्या पक्ष्यांना त्रावणकोरचं नाव मिळालं आहे. आसाम, बांगलादेश आणि म्यानमारकडच्या नराची छाती पिवळी नसते, फिकट बदामी असते. थायलंडकडे चौथी उपजात आणि मलाया, सुमात्रा, जावा या बाजूला पाचवी. या उपजातींच्या सीमेवर कुंपण नसतं. एकीचा रंग दुसरीत हळूहळू मिसळत जातो आणि मधल्या प्रदेशातला एखादा पक्षी हातात घेतला तर जाणकारही थबकतात.

शास्त्रीय नावात मात्र एक चूक अडीचशे वर्षं बसून आहे. लिनियसने १७६६ मध्ये या पक्ष्याला फिलिपिन्सचं नाव दिलं आणि फिलिपिन्समध्ये सुगरण नाहीच. वस्तीचा पल्ला ठरवताना पहिलं पाऊलच चुकीच्या बेटांवर पडलं होतं.

रंगाच्या या खुणा वर्षभर टिकत नाहीत, ही आणखी एक अडचण. विणीचा हंगाम संपला की नराचा पिवळा रंग झडतो आणि तो मादीसारखा करडा, रेघाळ, चिमणीशी घोटाळा व्हावा असा दिसू लागतो. थंडीत शेतावर उतरलेल्या थव्यातून नर कोण, मादी कोण हे ओळखणं कठीण. उपजातीची गोष्ट तर दूरच. आणि महाराष्ट्रात पक्षी बघायला लोक घराबाहेर पडतात ते मुख्यतः थंडीतच. नांदूर मध्यमेश्वरला त्याचाच प्रत्यय आला.

तिकडे जायला औरंगाबाद नाक्यावरून नांदूर नाका, माडसांगवी, ओढा, लाखलगाव, चांदोरी असा रस्ता जातो. गोदावरीला पूर आला की चांदोरी आणि सायखेडा ही गावं बातम्यांत येतात. त्या दिवशी नदी पात्रातच होती. दोन्हीकडे द्राक्षबागा, मका, सोयाबीन, ऊस आणि अधूनमधून बाजरी. या रस्त्यावर सुगरण शोधायची तर पक्ष्याकडे बघायचं नाही, विहिरींकडे बघायचं. जिथे विहिरीचं तोंड सिमेंटच्या कठड्याने बांधून भोवतीची झाडं काढून टाकली होती तिथे काही नाही. जिथे जुनी दगडी विहीर आणि तिच्यावर बाभूळ किंवा शिंदी उरली होती, तिथे खोपे. एका ठिकाणी तर विजेच्या तारेला टांगलेले होते. झाड मिळालं नाही तर हा पक्षी तारही चालवून घेतो. म्यानमारमध्ये तर तो घराच्या वळचणीलाच खोपे टांगत असे. रंगूनच्या बंगल्यांच्या गवती छपरांवरच्या अशा वस्तीबद्दल पक्षितज्ज्ञ जर्डनने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं आहे. माणसाच्या इतक्या जवळ येणाऱ्या पक्ष्यालाही जागा उरू नये, हे मला टोचतं.

नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं जुनं, गाळाने उथळ झालेलं धरण. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. हिवाळ्यात बदकं आणि करकोचे बघायला इथे गर्दी लोटते. आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीतच असते. भाद्रपदात चापडगावच्या मनोऱ्यावर आम्ही दोघंच होतो. पाणकणसाच्या रानात वारा घुमत होता आणि कडेच्या बाभळींवर सुगरणींची धांदल चालली होती. आपल्याकडचा हा पक्षी ज्या महिन्यांत सर्वांत ठळक दिसतो, त्या महिन्यांत त्याला मोजायला जवळपास कोणी नसतं.

मनोऱ्यावर बसून बोलता बोलता विषय आफ्रिकेवर गेला, आणि तो जाणारच होता. सुगरणीच्या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेतल्या. दक्षिण आणि आग्नेय आशियात फक्त पाच, त्यांपैकी चार भारतात. कलहारीच्या बाजूला एक जात सगळ्या थव्याचं मिळून एकच अवाढव्य गवती घर बांधते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वापरते. व्हिलेज वीव्हर या नावाने ओळखली जाणारी जात सहाराच्या दक्षिणेला जवळपास सगळीकडे आहे, गावातल्या झाडांवर शेकड्यांनी खोपे टांगते, आणि तिच्या उपजाती आपल्या सुगरणीच्या उपजातींपेक्षा कितीतरी सहज ओळखू येतात. पश्चिम आफ्रिकेतल्या नराचं डोकं काळं आणि मान तांबूस. पूर्वेकडे डोकं काळं पण मान पिवळी. दक्षिण आफ्रिकेत माथा पिवळा आणि नुसता चेहरा काळा. दुर्बिणीशिवायही फरक दिसावा इतका.

दिसायला हे सारे आपल्या सुगरणीचे सख्खे भाऊबंद वाटतात आणि फार काळ शास्त्रज्ञांनीही त्यांना प्लोसियस या एकाच प्रजातीत बसवलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र आफ्रिकेतले आणि आशियातले प्लोसियस एका फांदीवरचे नाहीत असं दिसलं. फाटाफूट करायची झाली तर प्लोसियस हे नाव आशियाकडे राहतं, कारण ते नाव ज्या जातीवर आधारलेलं आहे ती बाभळीवरची आपलीच सुगरण आहे.

व्हिलेज वीव्हरची खरी नवलाई त्याच्या प्रवासात आहे. माणसाने त्याला समुद्रापार नेलं. अठराव्या शतकात तो पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर पोचला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दक्षिण आफ्रिकेतून मॉरिशसवर. कोकण आणि देशावरून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांच्या पिढ्या त्याच शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत रुजत होत्या. आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे आम्ही चापडगावला बसलो होतो त्याच दिवसांत तिथल्या मराठी घरांतही आरत्या चालू असणार आणि बाहेरच्या झाडांवर आफ्रिकेतून आलेले हे पिवळे पक्षी.

बेटावर गेल्याने या पक्ष्याची अंडी बदलली. आफ्रिकेत एक कोकीळ-कुळातला पक्षी त्याच्या घरट्यात आपली अंडी घालतो. त्या फसवणुकीला तोंड देताना प्रत्येक मादीची अंडी एका छापाची झाली आणि दोन माद्यांची अंडी मात्र रंगाने, ठिपक्यांनी एकमेकींहून निराळी. परकं अंडं चटकन ओळखून बाहेर टाकता यावं म्हणून. हिस्पानिओला आणि मॉरिशसवर तो कोकीळ नाही. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड लाहती यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की त्या बेटांवर एकाच घरट्यातली अंडी आता तितकी सारखी राहिलेली नाहीत आणि माद्यामाद्यांमधला फरकही ओसरला आहे. निसर्गाच्या हिशेबात शे-दोनशे वर्षं म्हणजे काहीच नव्हे, आणि तेवढ्यात अंड्यावरची नक्षी हलली! पल्ला बदलला की पक्षी बदलतो, याचं इतकं लख्ख उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

आपल्या सुगरणीचं उलट चाललं आहे. ती कुठे गेलेली नाही. नकाशाच्या कडा जिथल्या तिथे आहेत. रंगाच्या आत मात्र भोकं पडत आहेत. एक भोक रामकुंडाजवळचं, एक कठडा बांधलेल्या विहिरीचं, एक रस्ता रुंद करताना गेलेल्या बाभळींचं. हे मोठ्या नकाशावर दिसत नाही. ती भोकं वाढत गेली तर काय होतं ते तिच्याच भावकीतल्या एका जातीवरून कळतं. तराईतली फिनची सुगरण पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूमने १८६९ मध्ये नैनितालजवळच्या कालाढुंगीहून आलेल्या नमुन्यावरून वर्णन केली. तिच्या दोन उपजाती, एक पश्चिमेकडची आणि दुसरी बंगाल-आसामकडची. पूर्वेकडच्या उपजातीला हुमायून अब्दुलालींनी सालिम अलींचं नाव दिलं. उंच गवताची माळरानं शेतीखाली गेली आणि २०२१ मध्ये ही जात धोक्यातल्या यादीत वर सरकली. किहीमच्या माणसाचं नाव धारण करणारी उपजात आज गवताच्या तुटक तुकड्यांवर जगते आहे. आपली सुगरण तिच्यापेक्षा कितीतरी सुस्थितीत आहे, म्हणूनच तिच्याबद्दल आत्ता बोलायला हवं. सर्वत्र आढळणाऱ्या पक्ष्याच्या मागे कोणी उभं राहत नाही.

परतताना सायखेड्याच्या अलीकडे बाजरीच्या शेतात एक मावशी बांधावर उभ्या होत्या, हातात गोफण. कणसं भरली होती आणि त्यांच्यावर थवा उतरला होता. पलीकडे विहीर, विहिरीवर बाभूळ आणि बाभळीवर खोपे.

“मावशी, हे पक्षी या बाभळीवरचेच का?”

“मग कुठले? इथंच जन्मतात आणि इथंच खातात,” त्या म्हणाल्या. “पण दादा, पिलं खोप्यात असली ना, की दाणा कमी, अळ्या जास्त नेतात. मी बघते ना रोज.”

त्यांचं निरीक्षण अचूक होतं. पिल्लांना सुगरण किडे-अळ्याच भरवते. यंदा उन्हाळ्यात विहीर खोल करायला काढली होती, हेही त्यांनी सांगितलं. जेसीबीवाला म्हणाला, बाभूळ आडवी येते. घरच्यांनी त्याला यंत्र दुसऱ्या अंगाने घालायला लावलं. त्यात अर्धा दिवस जास्त गेला आणि त्याचे पैसे पडले.

आफ्रिकेत सुगरणीच्याच कुळातला लाल चोचीचा एक पक्षी आहे, मी त्यांना सांगितलं, क्वेलिया. जगातल्या रानपक्ष्यांत त्याच्याएवढी संख्या दुसऱ्या कुणाची नाही. त्याचे थवे ज्वारी-बाजरीवर उतरले की शेतं रिकामी होतात, आणि तिथली सरकारं त्यांच्यावर विमानातून विष फवारतात.

“इमानानं?” मावशींनी गोफण खाली घेतली. “मग ती जवारी कोण खातं?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी खडा घातला, गोफण गरगरवली आणि सोडली. थवा उठला, विहिरीला वळसा घालून शेजारच्या मक्यात जाऊन बसला. मावशी म्हणाल्या, तो मका दिराचा आहे, तिकडचं तो बघेल.